पाणी रोज मोजता, काठ कधी मोजणार?

परवा टाकलेला शेकाट्याचा फोटो बऱ्याच जणांना आवडला, त्याबद्दल आभार. वर पक्षी, खाली पक्षी, लाल लांबडे पाय मधोमध जोडलेले. दोघा-तिघांनी तर "हे मोबाइलवर जोडलंय का?" असंही विचारलं. नाही हो. सकाळची सव्वासातची वेळ, वाऱ्याचं नाव नाही, आणि मी चिखलात पोटावर पडलेलो. बाकी सगळं पाण्यानं केलं.

पण सगळ्यात जास्त कमेंट एकच होती. "सर, लोकेशन टाका."

लोकेशन टाकणार नाही. तलाव नांदेड-लातूर जिल्ह्यांतच कुठंतरी आहे, एवढंच सांगतो. का नाही, ते सांगायलाच आज लिहायला बसलोय. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अशाच एका तलावावर टिटवीचं घरटं सापडलं होतं. घरटं म्हणजे काय, आटलेल्या पाण्याच्या कडेला खड्यांमध्ये चार अंडी. टिटवी तिथंच उन्हात उभी राहून अंड्यांवर सावली धरत होती. मधूनच पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवायची आणि परत येऊन अंड्यांवर बसायची. आमच्या एप्रिलच्या उन्हात अंडी गार ठेवायची तिची ही पद्धत. मी ते पाहिलं, भारावलो, फोटो टाकला, आणि उत्साहात खाली तलावाचं नाव, गाव, रस्ता, सगळं लिहून मोकळा झालो. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असं आपल्याकडं म्हणतात. त्यावर कमेंटमध्ये चर्चाही रंगली.

पुढच्या रविवारी तिथं सात-आठ मोटारसायकली आणि तीन गाड्या आल्या. मी नंतर पोचलो. एक पोरगा अंडं हातात घेऊन फोटो काढत होता. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि लोक तिचा व्हिडिओ करत होते. वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं शिकारीत मोजतात, हे त्या पोराला माहीत नव्हतं. पण त्याला दोष काय देऊ? त्याला तिथं बोलावलं कुणी होतं? मीच. दहा दिवसांनी गेलो तर अंडी नव्हती आणि टिटवीही नव्हती. बाटल्या तेवढ्या होत्या.

तेव्हापासून लोकेशन बंद.

आता या नादाबद्दल थोडं. आमचे एक गुरुजी मित्र आहेत. त्यांची जुनी ओम्नी आहे. मागची सीटं काढून त्यात फळी टाकलीय, फळीवर गादी, फळीखाली पाण्याचे दोन कॅन आणि भांडी. खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड शिवून घेतलंय. परदेशात लोक मोठमोठ्या गाड्यांत संसार घेऊन फिरतात, आत बेड, किचन, बाथरूम. आमच्या ओम्नीत दोन माणसं आडवी झाली की तिसऱ्या माणसानं बाहेर टिफिन खायचा. तरी शनिवारी बातम्या पाठवून झाल्या की आम्ही निघतो. धपाटे, ठेचा, शेंगा. पाळूच्या अलीकडं, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या आखाड्यावर गाडी लावायची. रात्री टिटव्या ओरडतात, पाण्यावरून चक्रवाकांचा आवाज येतो, गुरुजी घोरतात. पहाटे उठून चालत काठावर.

यात काही नवीन आहे असं समजू नका. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आपली आज्या-पणज्याची पिढी बैलगाडीतच जायची. गाडीखाली झोपायचं, गाडीशेजारी चूल मांडायची, गाडीलाच बैल बांधायचे. धनगरांचा तर वर्षातला मोठा भाग वाड्यावर, मेंढरांमागं जातो. मुक्कामाची रीत आपल्याला नवी नाही. नवा आहे तो मुक्कामानंतर मागं राहणारा कचरा. पूर्वी मागं राख आणि शेण राहायचं. आता डिस्पोजल ग्लास आणि चिप्सची पाकिटं राहतात.

मुद्द्यावर येतो.

प्रतिबिंबाचा फोटो काढायचा तर तीन गोष्टी लागतात. वारा पडलेला पाहिजे, म्हणजे पहाट. कॅमेरा पाण्याच्या जवळजवळ पातळीला पाहिजे, म्हणजे चिखलात लोळणं आलं. आणि पाणी उथळ पाहिजे. ही तिसरी गोष्ट मला उशिरा कळली. खोल पाण्यात पक्षी लांब असतात, लाट असते, आणि उभं राहून काही टिपून खाणारे पक्षी तिथं नसतातच. शेकाट्या घोटाभर पाण्यात चालतो. तुतवार ओल्या चिखलात चोच खुपसतो. धोबी कडेकडेनं पळतो. चमच्यासारख्या चोचीचा थापट्या बदक हातभर पाण्यात पृष्ठभाग गाळत जातो. चित्रबलाक गुडघाभर पाण्यात अर्धी उघडी चोच बुडवून उभा राहतो, मासा चोचीला लागला की मिटली. हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी हंस रात्री पाण्यावर आणि कडेच्या गवतावर.

म्हणजे हे सगळं जग काठावर आहे. तलावाच्या मध्यात नाही, पाळूवर नाही. पाणी मागं सरकतं तसा जो उतरता, चिखलाचा, गवताचा पट्टा उघडा पडतो, त्या पट्ट्यात आहे. पावसाळा संपला की तो रुंद होत जातो आणि हिवाळ्यात, पाहुणे पक्षी येतात तेव्हा, ऐन भरात असतो.

एकदा मी असाच पडलो होतो, तर जाळं काढायला आलेले एक भोई मामा थांबले. म्हणाले, "सायब, सकाळधरनं हितंच पडलाव. काय गावलं?" म्हणलं, "मामा, पाणी हललं की फोटो बिघडतो." ते हसले. "मासं बी काठालाच वाढतंय बगा. पिल्लू हाय तवर कडंला गवतात ऱ्हातंय. मोठं झालं की मंग आत जातंय. काठ मोडला की जाळ्यात बी काय न्हाई." त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलेलं शहाणपण मी चार हिवाळे पोटावर पडून शिकलो होतो.

आता सरकारी बाजू बघा. आमच्या पेशात रोज जलसाठ्याची बातमी असते. मांजरा किती टक्के, विष्णुपुरी किती टक्के, लिंबोटी किती, निम्न मनार किती. दलघमी, क्युसेक, उघडलेले दरवाजे. मी स्वतः शेकडो वेळा या बातम्या दिल्यात. पाणी मोजायला आपल्याकडं खातं आहे, कर्मचारी आहेत, तक्ते आहेत. काठ मोजायला कुणी नाही. कोणत्या तलावाला किती उथळ कड आहे, त्यावर कोण जगतंय, याचा रकानाच त्या तक्त्यात नाही.

आणि कायदा? गंमत तिथंच आहे. परवा २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिन. १९७१ मध्ये याच तारखेला इराणमधल्या रामसर या गावात पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या दिवशी शाळांत चित्रकला स्पर्धा होतील, फोटो आमच्याकडं येतील, आम्ही छापू. पण आपल्या देशातले २०१७ चे पाणथळ नियम काढून वाचा. पाणथळ म्हणजे काय, याची व्याख्या केल्यावर त्यातून काय वगळलंय तेही लिहिलंय. पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले. सिंचनासाठी बांधलेली बांधकामं वगळली.

मग मराठवाड्यात उरलं काय? शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार सोडा, ते उल्केनं केलेलं. आमच्याकडचं जवळजवळ प्रत्येक मोठं पाणी माणसानं अडवलेलं आहे. मांजरा, तेरणा, मनार, विष्णुपुरीचा शंकरसागर, पाझर तलाव, साठवण तलाव, गावतळी. कंधारचा जगत्तुंग समुद्र तर राष्ट्रकूटांच्या काळातला म्हणून ओळखला जातो. कंधारच्या किल्ल्याभोवतीचा पाण्याचा खंदक माणसानंच खोदला. आज त्यात सकाळी तटबंदीचं प्रतिबिंब पडतं, शेजारी खंड्या बसलेला असतो. त्या खंड्याला हे पाणी सिंचनाचं की संरक्षणाचं, याच्याशी देणंघेणं नाही. फाइलला मात्र आहे.

आणि माणसानं बांधलं म्हणून पाणथळ होत नाही, असं म्हणायचं तर नांदूरमधमेश्वरचं काय करायचं? नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा बांधला. मागं गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणवनस्पती आल्या, पक्षी आले. आज ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे. २०२० मध्ये घोषणा झाली तेव्हा सगळ्या पेपरांनी पहिल्या पानावर घेतली. जायकवाडीचं धरणही सिंचनासाठीच झालं, आणि १९८६ मध्ये त्याचं पक्षी अभयारण्य झालं. तीच गोदावरी पुढं नांदेडला येते. नाशिकला आणि पैठणला पाणथळ असलेली नदी नांदेडला आली की नुसता जलसाठा होते, हे कुठलं गणित?

सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच देशातल्या सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या २ लाख १ हजार ५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलंय. उपग्रहाच्या नकाशावरून तयार झालेली ती यादी आहे. आपापल्या तालुक्यातले किती तलाव त्यात आहेत, हे एकदा तहसीलला अर्ज करून विचारा. मीही करणार आहे. उत्तर आलं की इथं टाकतो.

आता कुणीतरी म्हणेल, माणसाला पाणी नाही आणि हे निघाले पक्षी घेऊन. या प्रश्नाला बगल देणार नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटलेलं होतं. घागरींच्या रांगा ज्यानं पाहिल्यात तो पाण्यावर माणसाचा पहिला हक्क नाकारूच शकत नाही. मी तरी नाकारणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं. अतिवृष्टी, सगळीकडं दरवाजे उघडलेले, पिकं पाण्याखाली, जमीन खरडून गेलेली. शेतकरी अजून त्यातून सावरतोय.

पण विचार करा. काठ राखला तर माणसाचं पाणी कमी होतं का? एक थेंबही नाही. पक्षी पाणी पीत असतील तेवढंच. उलट काठाचं गवत वरून येणारी माती धरून ठेवतं, गाळ कमी येतो, मासळी वाढते. पाणी आणि पक्षी यांच्यात भांडण नाहीच. भांडण आहे ते काठ आणि ठेका यांच्यात.

होय, ठेका. शब्द जपून वापरतोय. एका गावचा तलाव माझ्या डोळ्यांसमोर 'सुशोभित' झाला. गावाचं नाव घेत नाही, कारण तसे तलाव आता गावोगाव आहेत. कडेनं उभी दगडी भिंत, भिंतीवर पेव्हर ब्लॉक, त्यावर रंगीत दिवे, गावाच्या नावाची मोठी अक्षरं, आणि बोटिंगसाठी धक्का. उद्घाटनाची बातमी मीच केली. नारळ फुटला, भाषणं झाली. पहिल्या वर्षी गर्दी झाली. दुसऱ्या वर्षी बोटी कलंडल्या, दिवे गेले, अक्षरांतली दोन पडली. पण त्याआधीच काठ गेला होता. भिंतीपासून थेट पुरुषभर खोल पाणी. शेकाट्या उभा कुठं राहणार? आता तिथं पाणकावळे आणि कबुतरं तेवढी दिसतात. म्हशीही उतरत नाहीत. बाया धुणं घेऊन दुसरीकडं जातात.

सुशोभीकरणात शोभा कुणाची धरतात तेच मला कळत नाही. पहाटे उतरत्या काठावर धुकं असतं, पाण्यात बाभळीचं झाड उलटं दिसतं, त्यातून हळदी-कुंकू बदकांची जोडी रेघ ओढत जाते. ही शोभा फुकट आहे. तिला टेंडर लागत नाही, हीच बहुतेक तिची अडचण.

पर्यटन नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. मी स्वतः पर्यटकच आहे. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं. गाडीत राहून फिरणाऱ्यांसाठी थांबायची जागा, पाणी, वीज, शौचालय अशी सोय असलेली पार्क व्हावीत, असं त्यात आहे. चांगलंच आहे. मराठवाड्यात झाली तर मी पहिला जाईन, गुरुजींची ओम्नी घेऊन. फक्त ती पाण्याच्या कडेला नकोत. तलावापासून किलोमीटरभर अलीकडं, गावात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या रानात होऊ द्या. गाडी तिथं लागेल, जेवण त्या घरी होईल, पैसे गावात राहतील, मैलापाणी तलावात जाणार नाही. सकाळी किलोमीटरभर चालायला कुणाला त्रास आहे? इथं फोटोपुरते लोक वजन कमी करायला पैसे मोजतात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मोठा खर्च कशालाच नाही.

एक. तलावाच्या कामाचं अंदाजपत्रक करताना निदान निम्मा काठ नैसर्गिक उताराचा ठेवायचा, असं ठरवा. भिंत लागते ती घाटापाशी आणि पाळूला. तेवढीच करा.

दोन. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' चालू राहू द्या, शेतकऱ्याला गाळ मिळालाच पाहिजे. पण पोकलेननं कडेला उभे खड्डे पाडू नका. आतून काढा, कडेला उतार ठेवा. त्या खड्ड्यांत पोरं बुडाल्याच्या बातम्या आम्ही दर वर्षी छापतो. उतार माणसासाठीही हवाच आहे.

तीन. प्रत्येक तालुक्यात एक तलाव तरी निवडा आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा शाळेच्या पोरांकडून पक्षी मोजून घ्या. मारुती चितमपल्लींसारखा माणूस आपल्या शेजारच्या सोलापूरचा. त्यांचा 'पक्षीकोश' शाळेच्या वाचनालयात ठेवा. पोरांना पक्ष्यांची मराठी नावं कळू द्या. नाव माहीत असलेली गोष्ट माणूस सहज मोडू देत नाही.

चार. मासेमारी सोसायट्यांना, गाळपेर करणाऱ्यांना, जनावरं पाजणाऱ्यांना बैठकीला बोलवा. काठाबद्दल सगळ्यात जास्त त्यांना कळतं. आतापर्यंतच्या अशा बैठकांत मी ठेकेदार पाहिलेत, भोई मामा एकदाही पाहिले नाहीत.

आणि पाचवी मागणी तुमच्याकडं, माझ्याकडं. लोकेशन मागू नका, टाकू नका. घरट्याचा फोटो टाकायचाच नाही, कितीही चांगला आला तरी. गाडी पाण्यात उतरवून रील करू नका. रात्री स्पीकर लावू नका. पक्षी उडाला की फोटो भारी येतो म्हणून दगड मारणारे फोटोग्राफर मी पाहिलेत, त्यांना तिथंच हटका. आणलेला कचरा परत न्या. काही जण म्हणतील, हे एवढंसं करून काय होणार? मला दोन वर्षांपूर्वी एका पोस्टनं काय झालं ते माहीत आहे. म्हणून सांगतो, एवढंसं करूनच होतं सगळं, चांगलंही आणि वाईटही.

कुणाला खरंच बघायचं असेल तर या. दुर्बीण माझ्याकडं आहे, एकावेळी चौघांना नेता येतं, पहाटे पाचला निघायचं, मोबाइल सायलेंट. तलावाचं नाव तिथं गेल्यावर कळेल आणि परत आल्यावर विसरायचं.

तोवर आपल्या गावच्या तलावावर उद्या सकाळी जाऊन या. पाणी किती आहे ते आम्ही पेपरात देतोच. तुम्ही काठ किती उरलाय ते बघा, आणि भिंत आलीय की अजून चिखल आहे, एवढं कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. पक्ष्याचं नाव लिहू नका. तालुक्यातल्या उरलेल्या काठांची यादी करायला कुठूनतरी सुरुवात करूया. सरकारी तक्त्यात तो रकाना येईल तेव्हा येईल.